मक्ता एकाचा, जोखीम दुसऱ्याची

एखादी कंपनी आपला माल एकाच वितरकाकडून किंवा एकाच मोठ्या साखळीतून विकायचं ठरवते, तेव्हा बातमी त्या दोघांची होते. त्या मालाचं गिऱ्हाईक ज्याने वर्षानुवर्षं जोडलं, तो छोटा दुकानदार बातमीत कुठेच नसतो. त्याचं नेमकं काय होतं, हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या कॉमिक्सच्या धंद्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

तिथे आधी कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकली जात. न खपलेल्या अंकांचे पैसे परत मिळत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फिल स्यूलिंग या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने प्रकाशकांपुढे वेगळी अट ठेवली: माल थेट द्या, सूट जास्त द्या, उरलेला माल आम्ही परत करणार नाही. यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली, पण जोखीमही त्यांच्याच अंगावर आली. दर महिन्याला आगामी अंकांची यादी यायची आणि कुठल्या अंकाच्या किती प्रती हव्यात ते दोनेक महिने आधी कळवावं लागायचं. अंदाज चुकला की गठ्ठा दुकानातच पडून राही. सूट किती, हे दुकानाने एका वितरकाकडे दिलेल्या एकूण ऑर्डरवर ठरे. पुढे सगळं याच हिशेबावर फिरलं.

स्यूलिंगला प्रकाशकांकडून मिळणाऱ्या खास सवलतींविरुद्ध १९७८ साली इर्जॅक्स हा दुसरा वितरक कोर्टात गेला. त्यानंतर वितरक वाढले आणि दुकानदाराला निवड मिळाली. एकाने पार्सल उशिरा पाठवलं तर दुसऱ्याकडे जाता येई.

ही निवड पुढे १९९५ ते १९९७ या दोन वर्षांत संपली. मार्व्हल या मोठ्या कॉमिक्स प्रकाशकाने १९९४च्या अखेरीस हीरोज वर्ल्ड ही वितरण कंपनी विकत घेतली आणि १९९५ पासून आपला माल फक्त तिच्यामार्फत द्यायचं ठरवलं. लगेच डीसी या दुसऱ्या मोठ्या प्रकाशकाने डायमंड या वितरकाशी एकहाती करार केला, इमेज आणि डार्क हॉर्स हे प्रकाशकही तिकडेच गेले. आता छोट्या दुकानदाराचा हिशेब मांडून पाहा. काल एकाच वितरकाकडे जाणारी त्याची ऑर्डर दोन तुकड्यांत फुटली. दोन्ही तुकडे लहान, म्हणून दोन्हीकडे सवलतीची पायरी खाली. वाहतुकीची बिलं दोन, उधारीची खाती दोन. गिऱ्हाईक तेवढंच, विक्री तेवढीच, नफा मात्र आटला. मोठ्या दुकानाची ऑर्डर फुटूनही वरच्या पायरीवर टिकू शकत होती. १९९६ मध्ये डायमंडने कॅपिटल सिटी हा प्रतिस्पर्धी विकत घेतला. १९९७ मध्ये हीरोज वर्ल्ड बंद पडली, मार्व्हलही डायमंडकडे आली आणि या धंद्यात मोठा म्हणावा असा वितरक एकच उरला. अमेरिकी न्याय विभागाने चौकशी केली खरी, पण २००० साली ती कारवाईविना संपली.

कायदा इतका मवाळ का, याचं मूळ १९७७च्या सिल्व्हेनिया निकालात आहे. विक्रेत्यांवर किमतीखेरीज इतर बंधनं घालणं आपोआप बेकायदा नाही, स्पर्धेवर होणारा परिणाम प्रत्येक वेळी तपासावा, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. युरोप आधीच वेगळ्या वाटेने गेला होता. ग्रुंडिग या जर्मन रेडिओ-टीव्ही कंपनीने फ्रान्सचा मक्ता एकाच कंपनीला दिला होता, आणि दुसऱ्या देशातून तोच माल आणून विकणाऱ्यांना रोखणारं संरक्षण युरोपीय न्यायालयाने १९६६ साली अमान्य केलं.

संगीतात हेच थोड्या वेगळ्या रूपात आलं. २००५ मध्ये अ‍ॅलॅनिस मॉरिसेट या गायिकेचा एक अल्बम पहिले सहा आठवडे उत्तर अमेरिकेत फक्त स्टारबक्समध्ये मिळत होता. कॅनडातल्या एचएमव्ही या संगीत-दुकानांच्या साखळीने निषेध म्हणून तिचे आधीचे अल्बमही दुकानातून काढले. एवढ्या मोठ्या साखळीला असं रुसणं परवडतं. एकट्या रेकॉर्डवाल्याने तसं केलं, तर त्याचंच गिऱ्हाईक तुटतं.

२०१८ मध्ये अ‍ॅपल आणि अ‍ॅमेझॉन यांच्यात करार झाला आणि त्या संकेतस्थळावर अ‍ॅपलचा माल विकायला अधिकृत मान्यता लागू लागली. जुनी यंत्रं दुरुस्त करून विकणारे कितीतरी छोटे विक्रेते बाहेर पडले. स्पेनमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक विक्रेत्यांना दार बंद झाल्याचा निष्कर्ष काढून तिथल्या स्पर्धा आयोगाने जुलै २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांना मिळून १९ कोटी ४१ लाख युरोंचा दंड ठोठावला. इटलीतला आधीचा दंड मात्र प्रक्रियेतल्या त्रुटींमुळे कोर्टात रद्द झाला होता. मालाचा तुटवडा नसताना केवळ यादीत नाव नाही म्हणून कसबी माणसाचा धंदा बसावा, हे मला सरळ अन्याय्य वाटतं.

कॉमिक्समधली एकहाती व्यवस्था २०२० मध्ये डीसी बाहेर पडल्यावर मोडली. पुढच्या वर्षी मार्व्हलने पेंग्विन रँडम हाउसला आपला मुख्य वितरक केलं. जानेवारी २०२५ मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा डायमंडच्या गोदामात कित्येक छोट्या प्रकाशकांचा विकायला ठेवलेला माल पडून होता, आणि तो नेमका कुणाचा यावरच कोर्टात वाद सुरू झाला.