मेलिओला

मेलिओला ही जिवंत पानांवर वाढणाऱ्या काळ्या सूक्ष्म कवकांची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे. स्वीडनचे कवकतज्ज्ञ एलियास फ्रीस यांनी ती १८२५ मध्ये स्थापन केली. धानीकवकांतील (पिशवीसारख्या धानीत बीजाणू तयार करणाऱ्या कवकांतील) सॉर्डारिओमायसीटीज वर्गाच्या मेलिओलेलीज गणात तिचा समावेश होतो. प्रजातीत आजवर हजाराहून अधिक जातींची नावे दिली गेली आहेत.

पानावरचे काळे, मखमली, गोलसर ठिपके म्हणजे तिच्या वसाहती. शेतकरी यालाही काजळीच म्हणतात, पण मावा-तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काजळी ओल्या फडक्याने पुसली जाते, मेलिओला पुसली जात नाही. तिच्या तपकिरी तंतूंवर दोन पेशींचे, टोकाला फुगीर हायफोपोडियम, म्हणजे पानाला चिकटणारे छोटे फुगवटे असतात. त्यांतून निघणारे शोषक थेट पानाच्या बाह्यत्वचेच्या पेशीत शिरतात. जिवंत पेशीशिवाय हे कवक जगत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या माध्यमावर ते वाढवता येत नाही.

प्रजाती ठरते ती सीटांवरून, म्हणजे कवकजालावर उभ्या राहणाऱ्या ताठ, काळ्या केसांवरून. सीटा मुळीच नसतील तर अॅस्टेरिडिएला, आणि त्या फक्त कवकाच्या गोलाकार फळांवर (ज्यांत बीजाणू तयार होतात) असतील तर आयरेनॉप्सिस. मेलिओलाचे धानीबीजाणू तपकिरी, बहुधा चार पडद्यांचे, म्हणजे पाच पेशींचे असतात. एका धानीत ते दोन ते चार तयार होतात. पक्व झाल्यावर धानीची भिंत विरघळून जाते, म्हणून जुन्या नमुन्यात नुसते सुटे बीजाणूच हाती लागतात.

जातींच्या तुलनेसाठी कवकतज्ज्ञ बीली यांचे अंकसूत्र वापरतात. त्यात बिंदूच्या आधीचे चार अंक रचनेची लक्षणे सांगतात, नंतरचे चार मापे. कवकतज्ज्ञ हॅन्सफर्ड यांच्या १९६१ च्या ग्रंथात जातींची मांडणी आश्रयदाती वनस्पती कोणत्या कुळातली यावर आधारलेली आहे. बहुतेक जाती एकाच कुळाला, पुष्कळदा एकाच प्रजातीला धरून राहतात. म्हणून झाड चुकीचे ओळखले की कवकाचे नावही चुकते, आणि या क्षेत्रातला सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. फुले-फळे नसलेली फांदी असेल तर तिची ओळख वनस्पतितज्ज्ञाकडून आधी पक्की करून घ्यावी.

नमुना करताना पाने रद्दी कागदात दाबून वाळवावीत. वसाहतीवर पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब ब्रशने पातळ पसरावा, वाळल्यावर पापुद्रा अलगद उचलून काचपट्टीवर डीपीएक्समध्ये (नमुना कायम बसवण्याच्या पारदर्शक डिंकात) बसवावा. असे केल्याने तंतूंची मांडणी आणि हायफोपोडियमच्या जागा जशाच्या तशा दिसतात. थर जाड झाला तर पापुद्रा काळा, अपारदर्शक राहतो. बीजाणूंसाठी खरवडलेला भाग १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे अर्धा तास ठेवून मग लॅक्टोफिनॉलमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी वापरायच्या द्रवात) घेतात.

प्रजातीचा प्रसार मुख्यतः दमट उष्ण व उपोष्ण कटिबंधांत आहे, समशीतोष्ण प्रदेशांत थोड्याच जाती पोचतात. भारतात पश्चिम घाटाची सदाहरित जंगले तिने समृद्ध आहेत. भारतीय कवकतज्ज्ञ होसगौडर यांनी १९९६ पासून 'मेलिओलेलीज ऑफ इंडिया' या ग्रंथातून भारतीय जाती एकत्र मांडल्या. आंब्यावरील मेलिओला मँजिफेरी आणि जाई-जुईच्या वर्गातील वेलींवरची मेलिओला जॅस्मिनिकोला या ओळखीच्या जाती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अजरेकर कवक संग्रहालयात वाळवलेले नमुने तपासता येतात.

डीएनए अभ्यासात मात्र अडचण येते. वसाहतीवर स्पायरोप्ससारखी परजीवी कवके हमखास असतात, म्हणून खरवडून काढलेल्या नमुन्यातला क्रम त्यांचाच निघू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसणारी कवकाची फळे एकेक वेचूनच डीएनए काढावा.