स्टिरिओ ग्राहीची जोडणी (नागपूर परिसर)

रेडिओ केंद्र पकडणारा ट्यूनर आणि ध्वनिविवर्धक एकाच पेटीत असलेले घरगुती उपकरण म्हणजे स्टिरिओ ग्राही, बोलण्यात 'रिसीव्हर'. आकाशक म्हणजे अँटेना, रेकॉर्ड प्लेअर, टेप डेक, सीडी प्लेअर आणि स्पीकर त्याला पाठीमागून जोडतात.

एफएमसाठी 98 मेगाहर्ट्झच्या आसपास अर्ध्या तरंगलांबीचा द्विध्रुव (डायपोल, म्हणजे दोन भुजांचा साधा अँटेना) सुमारे 1.45 मीटर भरतो. दुमडलेल्या द्विध्रुवाचा रोध सुमारे 300 ओहम, तर समाक्ष केबलचा 75 ओहम. त्यामुळे मध्ये 4:1 प्रमाणाचा बॅलन, म्हणजे अँटेना आणि केबलचा रोध जुळवणारा छोटा रोहित्र, लागतो. मोनोत स्वच्छ लागणारे केंद्र स्टिरिओ होताच खरखरते, कारण डाव्या-उजव्या वाहिन्यांतील फरक 38 किलोहर्ट्झच्या उपवाहकावर (मुख्य ध्वनीसोबत पाठवलेल्या जादा लहरीवर) असतो आणि एफएममध्ये गोंगाट वरच्या वारंवारतांकडे वाढत जातो. अशा वेळी ग्राही बदलण्याआधी अँटेना गच्चीवर न्यावा.

गच्चीवरच्या काड्यांच्या अँटेनाला सर्रास 'यागी' म्हणतात. त्याच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी 1926 च्या सुमारास प्रयोगांचे निष्कर्ष जपानी भाषेत मांडले. हिदेत्सुगू यागी यांच्या 1928 मधील इंग्रजी लेखामुळे मात्र यागींचे नाव जगभर झाले. त्या लेखात यागींनी उदांच्या कामाचा उल्लेख केलेला आहे. कल्पनेचे मूळ काहीजण यागींकडे देतात. पण मोजमापे आणि मांडणी उदांची असल्याने 'यागी-उदा' हे जोडनाव अधिक न्याय्य वाटते. उदा 1950 नंतरच्या दशकात काही काळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही होते. दूरदर्शनच्या बँड 3 साठी (एफएमपेक्षा वरच्या वारंवारतांच्या पट्ट्यासाठी) केलेला जुना अँटेना एफएमला तोकडा पडतो.

मध्यम लहरींना ग्राहीसोबतचा वेटोळा अँटेना पुरतो. आकाशवाणी नागपूर (स्थापना 1948) 585 किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे 513 मीटरवर, ऐकली जाते. उन्हाळ्यात कूलरची मोटर आणि पंखा सुरू झाला की या पट्ट्यात घरघर शिरते. वेटोळे हळूहळू फिरवावे. एका दिशेला ती एकदम मंदावते, कारण वेटोळ्याच्या पातळीला लंब दिशेने येणारा संदेश ते जवळजवळ पकडतच नाही. ही खूण सापडली की वेटोळे तिथेच बसवावे.

टेप डेक आणि सीडी प्लेअर साध्या इनपुटला चालतात. रेकॉर्ड प्लेअरच्या फिरत्या चुंबकाच्या (मूव्हिंग मॅग्नेट) पिनचे उत्पादन मात्र जेमतेम 5 मिलिव्होल्ट असते. म्हणून रेकॉर्ड प्लेअर 'फोनो' सॉकेटलाच लावावा. तिथे 47 किलोओहमचा भार आणि आरआयएए समकरण (तबकडी कापताना बदललेला खर्ज-तीव्र स्वरांचा समतोल परत आणणारी दुरुस्ती) मिळते. उलट सीडीची 2 व्होल्टची लीड फोनोत घातली तर आवाज फाटतो. रेकॉर्ड प्लेअरची सुटी बारीक तार ग्राहीच्या 'ग्राउंड' स्क्रूला घट्ट बांधावी. ती सैल झाली की 50 हर्ट्झचा गुणगुणाट येतो, आणि तबकडीवरचा भीमपलासी ऐकताना तंबोऱ्याच्या खर्जातच तो मिसळतो.

गच्चीवरचा खांब इमारतीच्या अर्थिंगला जोडणे अत्यावश्यक आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो, काळी माती भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. पूर्वमोसमी विजा नेमक्या त्याच सुमारास कडाडतात. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात तेव्हा पाणी ओतत राहावे आणि गडगडाट ऐकू येण्याआधीच प्लग व अँटेनाची लीड काढून ठेवावी.

स्पीकरचे धन-ऋण टोक दोन्ही बाजूंना सारखे जोडावे. एक उलटे झाले तर खर्ज पातळ होतो. 8 ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडल्यास भार 4 ओहम होतो, तो ग्राहीला पेलतो का हे मागील पट्टीवर पाहावे.