एमआरआयला येण्याआधी हे वाचा

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘एमआरआय’ लिहिलं की घरात पहिला प्रश्न निघतो, किरणांचा त्रास होईल का? एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. आपल्या शरीरात सर्वांत जास्त पाणी, आणि पाण्यात हायड्रोजन. मोठ्या चुंबकात त्याचे अणू रांग धरतात. रेडिओलहरींनी ती रांग जराशी ढळवली की जागेवर परतताना ते क्षीण संकेत देतात, आणि त्यावरून संगणक चित्र उभं करतो. शास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली असं चित्र छापलं ते पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं होतं. २००३ साली पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. आज त्याच तत्त्वावर मणक्यातली दबलेली नस दिसते, पक्षाघातात रक्त न पोचलेला मेंदूचा भागही दिसतो.

जपायचं असतं ते चुंबकापासून. आमचं मशीन १.५ टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट. त्याच्या तारांची वेटोळी उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडालेली असतात. इतक्या थंडीत त्यांतला प्रवाह अडथळ्याविना फिरत राहतो, त्यामुळे वीज गेली तरी चुंबक चालूच राहतं. तपासणी सुरू नाही म्हणून आत डोकावलं, असं कधीही करू नका. २०१८ साली मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन आत गेलेल्या तरुण नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून आम्ही पेशंटइतकीच सोबतच्या माणसाचीही तपासणी करतो. राग मानू नका.

साडीची पिन, जोडवी, पैंजण, ताईत, कानातलं मशीन, मोबाइल, एटीएम कार्ड, सगळं बाहेर. जरीची साडी नको. जरीत धातूची तार असते आणि ती तापू शकते. मंगळसूत्र काढणं अनेकींना जड जातं, हे आम्ही रोज पाहतो. घरून हळकुंड बांधलेला दोरा घालून या, आमची काहीच हरकत नाही.

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांतून येणाऱ्यांना आमची खास विनंती आहे. लेथवर, ग्राइंडरवर किंवा वेल्डिंगचं काम करताना कधी डोळ्यात कण गेला होता का? दहा वर्षांपूर्वीचा असला तरी सांगा. राहिलेला लोखंडाचा बारीक कण चुंबकात हलला तर दृष्टी जाऊ शकते. शंका असेल तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढतो, त्याला पाच मिनिटं लागतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, गरोदरपण यांतलंही काही लपवू नका.

आत ठकठक मोठी होते. मशीनमध्ये तारांची आणखी काही वेटोळी असतात, त्यांतला प्रवाह झटपट बदलतो, त्यांच्या थरथरीचा तो आवाज. कानाला बोळे देतो, हातात रबरी फुगा देतो; दाबलात की आम्ही लगेच थांबतो. वीस ते चाळीस मिनिटं स्थिर पडून राहा. हललात तर चित्र पुसट येतं.

आमच्याकडे रेडिओलॉजी शिकणारे डॉक्टर गुडघ्याच्या कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, प्रबंधासाठी अभ्यास करतात. त्यात तुमची चित्रं वापरायची तर नैतिकता समितीची मंजुरी आणि तुमची सही, दोन्ही लागतात. नाव आधी काढून टाकतो. संमतीपत्र मराठीत आहे, घरी नेऊन वाचा, मुलांना दाखवा. ‘नाही’ म्हणालात तरी नंबर, फी, रिपोर्ट यात काडीचा फरक पडणार नाही.

येताना जुन्या फिल्म्स आणा. इंजेक्शन देऊन तपासणी सांगितली असेल तर क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्टही लागेल. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड विसरू नका. आत बसवलेली प्लेट किंवा स्टेंट कोणत्या बनावटीचा आहे, ते बहुतेक वेळा त्यावरच सापडतं.