जादूच्या शाळेची कादंबरी

कुमार व तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य कादंबरीचा एक प्रकार. दहा-बारा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी घर सोडून निवासी शाळेत दाखल होते आणि तिथे मंत्र, औषधी, रूपांतर, भविष्यकथन असे विषय वर्षानुवर्षे रीतसर शिकते. नुसती जादू असलेली गोष्ट या प्रकारात बसत नाही. जादू शिकवली गेली पाहिजे, चुकली पाहिजे, तिची परीक्षा झाली पाहिजे. ‘चांदोबा’तल्या राजपुत्राला साधू अंगठी देतो आणि काम फत्ते होते, जादूच्या शाळेतल्या पोराला तेवढ्याच कामासाठी सहामाहीपर्यंत घाम गाळावा लागतो.

या प्रकाराचे एक मूळ इंग्रजी शाळाकथेत आहे. टॉमस ह्यूज यांनी १८५७ मध्ये इंग्लंडमधील रग्बी या गावच्या निवासी शाळेवर कादंबरी लिहिली आणि दांडगट मोठी मुले, जिवाभावाचा मित्र, मैदानावरची चुरस, दरारा असलेले मुख्याध्यापक हा संच तिथून रूढ झाला. दुसरे मूळ लोककथांत आहे. रोमानियातील एका दंतकथेत सैतान स्वतः शाळा चालवतो. दहा विद्यार्थी घेतो, शिक्षण संपल्यावर नऊ जणांना सोडतो आणि दहाव्याला फी म्हणून ठेवून घेतो. ही दोन्ही मुळे अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ च्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये एकत्र आली. त्यातल्या रोक बेटावरील शाळेत प्रत्येक वस्तूचे खरे नाव शिकवतात, कारण नाव कळले की त्या वस्तूवर हुकमत येते. ईर्ष्येच्या भरात आवाक्याबाहेरचा मंत्र म्हणणारा तिचा नायक पुढे जन्मभराची खूण चेहऱ्यावर वागवतो. जिल मर्फी यांनी १९७४ मध्ये धांदरट चेटकीण-विद्यार्थिनीची विनोदी मालिका सुरू केली. जगभर लाट आली ती मात्र जे. के. रोलिंग यांच्या १९९७ ते २००७ या काळातील सात पुस्तकांमुळे. एका पुस्तकात शाळेचे एक वर्ष, या हिशेबामुळे पहिले पुस्तक अकराव्या वर्षी हाती घेतलेला वाचक नायकाबरोबरच मोठा झाला. त्यांचे मराठी अनुवाद झाले असून पहिल्याचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’ असे आहे.

शाळा ही लेखकाची मोठी सोय असते. नव्या जगाचे नियम वाचकाला सांगायचे तर नायकाला वर्गात बसवले की भागते. शाळेच्या वेळापत्रकाने कथानकाला आपोआप चौकट मिळते: प्रवेश, सहामाही, सामने, वार्षिक परीक्षा, सुट्टी. आईवडील लांब असल्याने निर्णय मुलांनाच घ्यावे लागतात. सगळे ठाऊक असूनही वेळेवर तोंड न उघडणारे मुख्याध्यापक हे या प्रकाराचे सर्वांत घासलेले पात्र म्हणावे लागेल.

मराठी वाचकाला यातले परके फारसे वाटू नये. महाभारताच्या आदिपर्वातील कच हा जादूच्या शाळेचा विद्यार्थीच आहे. मेलेल्याला उठवणारी संजीवनी विद्या फक्त शुक्राचार्यांना येत होती. ती शिकून यायला देवांनी बृहस्पतीच्या या मुलाला शत्रूच्या आश्रमात धाडले. असुरांनी त्याला पुन्हा पुन्हा मारले. शेवटी जाळून त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य गुरूलाच पाजले. पोटातल्या शिष्याला मंत्र शिकवल्याशिवाय दोघांपैकी एकच वाचणार, हे ओळखून शुक्राचार्यांनी विद्या दिली. कच पोट फाडून बाहेर आला आणि त्याने पहिला प्रयोग मेलेल्या गुरूवरच केला. गुरूची मुलगी देवयानी हिला लग्नाला नकार दिल्यावर तिने शाप दिला की तुझी विद्या तुला फळणार नाही. त्यावर कच म्हणाला, मी ज्याला शिकवीन त्याला तर फळेल. प्रवेश, छळ, अशक्य परीक्षा, विद्येची किंमत असे या प्रकाराला लागणारे सगळे काही इथे आहे.

गंमत अशी की ही कथा मराठीत गाजवली ती सांगलीत जन्मलेल्या दोघांनी. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत विद्याहरण’ १९१३ चे, वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ ची. पण खाडिलकरांचा रोख मद्यपानावर होता आणि खांडेकरांचा भोगलालसेवर. आश्रमातला शिकाऊ कच, त्याचा दिनक्रम, त्याचे सहाध्यायी यांत दोघांनाही रस नव्हता. कुमारांची कादंबरी तिथेच दडून राहिली.

निवासी शाळेचे वातावरणही सातारा-सांगलीच्या भागाला नवे नाही. पाचगणीत इंग्रजी अमदानीपासून निवासी शाळा आहेत. साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ ची. हॅरी पॉटरच्या शाळेसारखी तिथेही मुलांची हाउसमध्ये, म्हणजे गटांत, वाटणी होते, फक्त तिथल्यासारखे प्रवेशाचे पत्र घुबड आणत नाही, सहावीसाठी प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि तिच्यासाठी आधी क्लास लावावा लागतो. कादंबरीतल्या भोजनगृहात ताटे आपोआप भरतात. गावाकडून साताऱ्या-सांगलीला शिकायला आलेल्या मुलाचा डबा एस.टी.ने येतो. गाडी स्टँडला लागली की ड्रायव्हरच्या केबिनशी घोळका जमतो. सारख्या दिसणाऱ्या डब्यांतून आपला शोधायचा तो झाकणावर खिळ्याने कोरलेल्या नावावरून, आणि गाडी चुकली तर त्या दिवशी खानावळ.

यापेक्षा महत्त्वाचा धागा भाऊराव पाटलांचा. त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एका पंक्तीत जेवत. वसतिगृह चालावे म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. जादूच्या शाळांच्या अनेक कादंबऱ्यांत संघर्ष पेटतो तो रक्ताच्या शुद्धतेवरून: जादू कुणाच्या घराण्यात आहे, बाहेरच्याला ती शिकवावी का. इंग्रज वाचक हे वर्गभेदाचे किंवा वंशवादाचे रूपक म्हणून वाचतो. विद्या जन्मावर ठरते हे ऐकत आणि त्याविरुद्ध झगडत आलेल्या मुलखात त्यासाठी रूपकाची गरज पडत नाही.

साताऱ्यात जादू या शब्दाला आणखी एक बाजू आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर इथलेच. समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून चमत्कारांचे प्रयोग दाखवतात. ‘मंत्र’ म्हणत समिधांवर पळीने तूप सोडले की काडी न लावता होम पेटतो, मुले आ वासतात. मग सांगतात की पळीत ग्लिसरीन होते आणि समिधांखाली पोटॅशियम परमँगनेट. दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ मध्येच, राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अशा कार्यक्रमानंतर मुलांच्या हाती मंत्रतंत्राच्या कादंबऱ्या द्याव्यात का, असा प्रश्न एखाद्या पालकाला पडू शकतो. खुशाल द्याव्यात. भोंदू बाबाची शक्ती फक्त त्याच्यापाशी असते, तपासू दिली जात नाही आणि कधी चुकत नाही. कादंबरीतली जादू वर्गात सगळ्यांसमोर शिकवली जाते, तिला नियम असतात, निम्म्या वर्गाचा प्रयोग फसतो आणि शिक्षक पुन्हा करायला लावतात. ती मांत्रिकापेक्षा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला जवळची आहे.

मराठीत या प्रकाराची स्वतंत्र परंपरा उभी राहिलेली नाही. आपला सर्वांत लाडका शाळकरी नायक, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, पुण्याच्या विद्याभवनात राहून शिकतो. पण त्याची भिस्त सायकलवर आणि डोक्यावर, मंत्रावर नाही. अद्भुत लिहिणारे बहुतेक भयकथेकडे गेले किंवा लहानांच्या राक्षस-परीकडे. त्यामुळे बारा ते सोळाच्या वाचकाला अनुवादावर भागवावे लागते. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतच्या भिलार या २०१७ पासूनच्या पुस्तकांच्या गावात घरोघरी साहित्यप्रकारांनुसार पुस्तके मांडलेली असतात. जादूच्या शाळेचे मराठीतच लिहिलेले एक कपाट भरेल एवढा ऐवज अजून लिहून व्हायचा आहे.