प्रोस्टेटचे उपचार : पोट उघडण्यापासून वाफेपर्यंत

उतारवयात प्रोस्टेट ग्रंथी वाढली की मूत्रमार्ग आवळला जातो. धार बारीक होते, रात्री पुन्हा पुन्हा उठावे लागते, एखाद्या दिवशी लघवी पूर्ण तुंबते. एकोणिसाव्या शतकात बहुतेकांच्या नशिबी लघवी काढणारी नळीच (कॅथेटर) होती आणि नळीमागोमाग जंतुसंसर्ग.

न्यूयॉर्कच्या यूजीन फुलर यांनी १८९० च्या दशकात मूत्राशय उघडून वाढलेली गाठ बोटाने सोलून काढली. १९०० पासून लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया गाजवली पीटर फ्रायर यांनी. हे आयरिश सर्जन त्याआधी सुमारे २० वर्षे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते. मूत्राशयातले खडे फोडून काढण्यात त्यांचा हात उत्तर भारतात बसला. श्रेयावरून दोघांत वाद झाला. रुग्णाला मात्र रक्तस्रावाची धास्ती होती, आणि प्रतिजैविके अजून यायची होती.

पोटावरची चीर टळली ती दुर्बिणीमुळे. मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी १९२६ मध्ये विजेच्या तारेच्या कडीने ग्रंथी आतून कापणारे उपकरण आणले, जोसेफ मॅकार्थी यांनी ते सुधारले. पुढे हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्या भिंगरचनेने आतले दृश्य लख्ख झाले. हेच 'टीयूआरपी', आपल्याकडचे 'दुर्बिणीतून ऑपरेशन'. ते आजही कसोटीचे माप आहे. पण धुण्यासाठी सोडलेला द्रव रक्तात शिरून सोडियम घसरण्याचा धोका त्यात होता. सलाइन वापरणाऱ्या बायपोलर पद्धतीने तो बराच ओसरला. वीर्य उलटे मूत्राशयात जाण्याची तक्रार मात्र बहुसंख्य पुरुषांत राहिली.

ही तक्रार टाळण्याची ओढ नव्या उपायांमागे आहे. अमेरिकेत २०१३ मध्ये परवानगी मिळालेला 'युरोलिफ्ट' ग्रंथीला काही न कापता बारीक टाक्यांनी बाजूला ओढून धरतो. २०१५ चा 'रेझूम' ग्रंथीत पाण्याची वाफ सोडतो. मेलेल्या पेशी शरीर काही आठवड्यांत शोषून घेते, तोवर काही दिवस नळी सोसावी लागते. ग्रंथीला रक्त पुरवणारी धमनी बंद करण्याचा उपाय तर योगायोगाने सुचला: रक्तस्राव थांबवण्यासाठी धमनी बंद केलेल्या एका रुग्णाची ग्रंथीही आक्रसल्याचे २००० मध्ये नोंदले गेले. मग ब्राझीलच्या फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी ती पद्धत रुळवली.

हे उपाय सौम्य आहेत, पण काही वर्षांनी पुन्हा उपचाराची गरज टीयूआरपीपेक्षा जास्त जणांना पडते. डॉक्टरांनी हे आणि वीर्याबद्दलचे, दोन्ही स्वतःहून सांगायला हवे. साठीपुढचा माणूस वीर्याबद्दलचा प्रश्न सहसा विचारत नाही. फार मोठ्या ग्रंथीसाठी न्यूझीलंडच्या पीटर गिलिंग यांनी नव्वदीच्या दशकात घडवलेली होल्मियम लेसरची पद्धत अधिक भरवशाची. तिच्यातही गाठ सोलूनच निघते, फक्त मूत्रमार्गातून.