बादलीचं प्लॅस्टिक, पिस्तुलाचं प्लॅस्टिक

मे महिन्यात नागपुरात सीताबर्डीला दुपारभर उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरचा ब्रेक धरला की उष्णतावहनाचा धडा आपोआप मिळतो. धातूचा लिव्हर चटका देतो, शेजारची रबरी मूठ तितकीच तापलेली असूनही हात सोसतो. धातू आपली उष्णता बोटांत झपकन ओततो एवढंच. अॅल्युमिनियम तर नायलॉनच्या शेकडो पट वेगानं.

पिस्तूल धातूच्या फ्रेमचं चांगलं की पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, हा वाद याच मुठीपाशी सुरू होतो. फ्रेम म्हणजे मूठ, ट्रिगर आणि मॅगझिन सांभाळणारा सांगाडा. नळी आणि वरची स्लाइड दोन्ही प्रकारांत पोलादाचीच असते. त्यामुळे 'प्लॅस्टिकचं पिस्तूल एक्स-रेत दिसत नाही' ही ऐंशीच्या दशकातली आवई निव्वळ भाकड होती.

प्लॅस्टिक म्हटलं की आपल्याला बादली आठवते. जर्मनीच्या व्हीपी-७० पिस्तुलाला १९७० सालीच पॉलिमर फ्रेम होती, पण लोकांचा विश्वास बसला तो ग्लॉक-१७ मुळे. ते १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्यानं निवडलं. गंमत म्हणजे गास्टन ग्लॉक यांनी त्याआधी पिस्तूल कधी बनवलंच नव्हतं. पडद्यांच्या दांड्या आणि सैन्यासाठी सुऱ्या, हा त्यांचा धंदा.

किमतीतला फरक कुठून येतो, ते हिंगण्याच्या एमआयडीसीत कळतं. धातूची फ्रेम म्हणजे ठोकळा मशीनवर चढवून तासत बसायचं. मशीनचे तास मोजायचे, निघालेला किस भंगारात. पॉलिमरची डाय, म्हणजे साचा, लाखांत जाते, पण एकदा बसली की नग भराभर पडतात. माझ्या ओळखीचे एक मोल्डिंगवाले काका काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे पार्ट काढतात. नायलॉन हवेतली ओल पितं, म्हणून दाणे आधी तासन्‌तास सुकवावे लागतात. चांदीसारख्या बारीक रेघा उमटलेला एक नग त्यांनी माझ्या हातावर ठेवला. "पावसाळ्यात दाणे ओले राह्यले न, तं अशा रेघा येते. फेका मंग." म्हणजे स्वस्त असलं तरी हे काम हलगर्जीचं नाही. ग्लॉकच्या फ्रेममध्येही स्लाइड ज्यावर सरकते त्या पोलादी पट्ट्याच रोवलेल्या असतात.

मग धातूला जास्त पैसे कशाचे? माझ्या मते, मुख्यतः वजनाचे. रिकाम्या मॅगझिनसह ग्लॉक-१७ सातशे ग्रॅमच्या आसपास, तर १९११ सालचं पोलादी कोल्ट सुमारे १.१ किलो. दोघांच्या गोळ्या वेगळ्या, म्हणून हिशोबापुरती एकच धरू: ८ ग्रॅमची, सेकंदाला ३६० मीटर वेगाची. ७०० ग्रॅमचं पिस्तूल सेकंदाला साधारण ४.१ मीटर वेगानं मागे येईल, १.१ किलोचं २.६ मीटरनं. धक्क्याची ऊर्जा हलक्यात दीडपटीहून जास्त. नेमबाजीत दिवसभर गोळ्या झाडणाऱ्याला जड फ्रेमचे पैसे वसूल होतात. दिवसभर कमरेला लावून ड्यूटी करणाऱ्याला तेच वजन छळतं.

अॅल्युमिनियम मधला मार्ग वाटतो, पण त्याची खोड वेगळी. ठरावीक मर्यादेखालचे हादरे पोलाद कितीही वेळा सोसतं. अॅल्युमिनियमला अशी मर्यादाच नाही, लहान हादरेही साठत जातात. तरी डीआरडीओनं २०२१ मध्ये दाखवलेल्या 'अस्मी' मशीन पिस्तुलात वरचा भाग विमानाच्या प्रतीच्या अॅल्युमिनियमचा आहे आणि खालचा, हाताकडचा, कार्बन फायबरचा.