ॲलन पेज : बचावफळीतले न्यायमूर्ती

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कॅन्टन शहरात १९६३च्या सुमारास ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’ची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या थोरांचा सन्मान करणाऱ्या संस्थेची, इमारत उभी राहत होती. त्या बांधकामावर राबणाऱ्यांत शाळा संपवत आलेला एक मुलगा होता, ॲलन पेज. पंचवीस वर्षांनी, १९८८ साली, त्याच इमारतीत त्यांचा सन्मान झाला.

कॅन्टन हे पोलादाचं गाव. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांची वाट बहुधा कारखान्याकडेच जायची. पेज यांना मात्र लहानपणापासून वकील व्हायचं होतं. फुटबॉल शिष्यवृत्तीवर ते नोत्र दाम विद्यापीठात गेले आणि १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या व्यावसायिक संघाने त्यांना घेतलं.

अमेरिकन फुटबॉलमध्ये ते डिफेन्सिव्ह टॅकल होते. एक हात जमिनीला टेकवून वाकायचं, चेंडू हलताक्षणी उसळायचं, आडवे येणारे धिप्पाड गडी चुकवून क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणाऱ्या गड्याला, गाठायचं, हे त्यांचं काम. पेज या जागेच्या मानाने सडपातळ होते. पण पाऊल असं चपळ, की समोरचा गडी सरळ होईपर्यंत ते त्याच्या खांद्याजवळून निसटलेले असत. १९७१ साली व्हायकिंग्जनी १४ सामन्यांत मिळून प्रतिस्पर्ध्यांना फक्त १३९ गुण दिले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचा सर्वोत्तम खेळाडूचा किताब पेज यांना मिळाला. बचावपटूला तो मिळण्याची ती पहिली वेळ, आणि पुढे हा मान १९८६ साली लॉरेन्स टेलर यांनाच काय तो मिळाला. सुपर बोल ही हंगामाची अंतिम लढत मात्र ते चारदा खेळले आणि चारही वेळा हरले.

खेळ चालू असतानाच त्यांनी कायदा शिकायला घेतला. पहिल्या प्रयत्नात तीन आठवड्यांत वर्ग सोडला. मग मिनेसोटा विद्यापीठात पुन्हा नाव घातलं आणि १९७८ साली पदवी घेतली. त्याच वर्षी व्हायकिंग्जनी त्यांना सोडलं. धावण्याच्या नादाने वजन फार उतरलंय, हे कारण. शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघाने १०० डॉलर भरून त्यांना घेतलं. १९८१ साली थांबेपर्यंत नियमित हंगामातले सलग २१८ सामने ते खेळले होते.

मला सगळ्यात जास्त भिडतो तो १९८८च्या सन्मानाच्या वेळच्या भाषणातला प्रसंग. बचावफळीच्या बैठकीत प्रशिक्षकाने प्रत्येकाला डावपेचांच्या वहीतून मोठ्याने वाचायला सांगितलं. काही जण अडखळले, काहींना वाचताच येईना. कॉलेजातून आलेली माणसं ही! शाळा-कॉलेजांनी त्यांच्याकडून खेळ करून घेतला आणि अक्षर मात्र दिलं नाही, ही खंत पेज यांनी सन्मानाच्या व्यासपीठावरून बोलून दाखवली. त्याच वर्षी त्यांनी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू केलं. शिष्यवृत्ती घेणाऱ्या विद्यार्थ्याने लहान मुलांना शिकायला मदत करायची, ही त्यातली अट.

मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. १९९२ साली राज्याच्या गव्हर्नरांनी एका न्यायाधीशांची मुदत वाढवून निवडणूकच टाळली. पेज थेट कोर्टात गेले. खटला त्याच न्यायालयाशी संबंधित, म्हणून निकालासाठी दुसरे न्यायाधीश बसवावे लागले. पेज जिंकले, निवडणूक झाली, तीही त्यांनी जिंकली. त्या न्यायालयातले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. २०१५ साली, वयाच्या सत्तराव्या वर्षी, नियमानुसार ते निवृत्त झाले.

मिनेसोटातल्याच मिनियापोलिस शहरातल्या एका शाळेला अलेक्झांडर रॅमसे यांचं नाव होतं. डाकोटा या मूळनिवासी लोकांना संपवा किंवा राज्याबाहेर हाकला, असं म्हणणारे हे मिनेसोटाचे जुने गव्हर्नर. मुलांनीच नाव बदलण्याचा आग्रह धरला आणि २०१७ साली नवी पाटी लागली : ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’.